तलफेच्या घटकेला

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

पुण्याहून हैदराबादला जाणारा महामार्ग आणि बीदरहून कलबुर्गीकडे उतरणारा रस्ता हे दोन्ही हुमनाबाद येथे एकमेकांना मिळतात. २०१७ च्या ऑक्टोबरपासून बीदर-कलबुर्गी लोहमार्गाची गाडीही या गावावरून जाऊ लागली. जेथे रस्ते मिळतात तेथे माणसे थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला चहा व तंबाखू या दोन वस्तू आधी आठवतात, हा सर्वच नाक्यांवरचा अनुभव आहे. हुमनाबाद त्यास अपवाद नाही. कानडी, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा या बाजारात कानांवर पडतात. पैकी कोणत्याही भाषेत ‘अण्णा, एक द्या’ एवढे म्हटले की पानपट्टीवाल्यास पुढचे विचारावे लागत नाही. सिगारेट एक, पाकीट नव्हे.

ती एक सिगारेट घेणारा तरुण अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. त्याच्या एका हातात ही सिगारेट, अगर मळलेल्या तंबाखूची चिमूट, आणि दुसऱ्या हातात मोबाईल असतो. या दुसऱ्या हातातील वस्तूच्या योगाने पहिल्या हातातील वस्तू सोडविता येईल काय, हा प्रश्न आज आरोग्यखाती, शाळा आणि सेवाभावी संस्था यांच्यापुढे आहे. समाजमाध्यमांवर चित्रे, बोलक्या चित्रफिती, घोषवाक्ये व प्रतिज्ञा यांचा जो प्रवाह दर वर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला उचंबळून येतो, तो या प्रश्नाचे ‘होय’ असे उत्तर गृहीत धरून चाललेला असतो. उत्तर इतके सोपे नाही. मात्र ते ‘नाही’ असेही नाही.

तंबाखूच्या व्यापाराने प्रसाराचे प्रत्येक नवे साधन नेहमी आधी हाताळले आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. हुमनाबाद निजामाच्या राज्यात होते तेव्हा हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची ‘चारमिनार’ सिगारेट संस्थानात घरोघर ओळखीची होती. पत्र्याच्या रंगीत पाट्या, दुकानातील दिनदर्शिका, चित्रपटगृहाच्या पडद्यावरील जाहिराती यांनी धूर सोडणारा माणूस ऐटबाज दिसतो ही समजूत दोन पिढ्यांच्या मनांवर ठसविली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले व हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. एका जिल्ह्याची माणसे दोन राज्यांची झाली, सोयरिकी मात्र राहिल्या, बाजार राहिले आणि सवयीही राहिल्या.

पुढे २००३ साली केंद्र सरकारने सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा कायदा केला आणि भिंतींवरच्या व पडद्यावरच्या जाहिराती बंद झाल्या. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई करणारे नियम लागू झाले. २०१२ पासून चित्रपटात धूम्रपानाचे दृश्य आल्यास खाली इशाऱ्याची ओळ दाखविणे आवश्यक झाले, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून हाच नियम आंतरजालावरून घरोघर येणाऱ्या चित्रमालिकांनाही लागू करण्यात आला. हे सर्व योग्यच झाले. पण जो मुलगा पुरी चित्रमालिका पाहतच नाही, नायकाने सिगारेट पेटविल्याचा तेवढा वीस सेकंदांचा तुकडा कोणी कापून, मागे ढोल लावून पाठविलेला पाहतो, त्याला तो इशारा कोठून दिसणार? शिवाय वेलदोड्याच्या वा पानमसाल्याच्या नावाखाली जुनीच ओळखीची नाममुद्रा दाखविणाऱ्या जाहिराती आहेतच. नामांकित नट वेलदोडा चघळताना दिसतो. पाहणाऱ्याला कशाची आठवण करून द्यावयाची आहे हे नटालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही.

सीमेवरच्या गावात कायद्याची गंमत अशी की तो तासाभराच्या वाटेवर बदलतो. कर्नाटक राज्याने या केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली व ती मे २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यामुळे तेथे तंबाखू विकत घेण्याचे किमान वय १८ वरून २१ झाले, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्याचा दंड दोनशे रुपयांवरून एक हजार रुपयांवर गेला आणि हुक्कागृहांवर बंदी आली. महाराष्ट्रात किमान वय केंद्रीय कायद्याप्रमाणे अठराच आहे. म्हणजे वीस वर्षांच्या तरुणाला हुमनाबादेत सिगारेट विकणे हा गुन्हा, आणि त्याच महामार्गाने सोलापूरच्या बाजूस उमरग्यापर्यंत गेले की तो गुन्हा नाही. सुटी सिगारेट विकण्यास मात्र दोन्हींकडे मनाई आहे. महाराष्ट्राने ती सप्टेंबर २०२० मध्ये केली. ही मनाई पानपट्टीच्या फळीपर्यंत कितपत पोहोचली आहे, हे ‘एक द्या’ या दोन शब्दांवरून कोणासही अजमावता येते.

आणि या सुट्या सिगारेटीत आंतरजालावरील मोहिमेचे खरे कारण दडलेले आहे. पाकिटावर घशाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाचे भयानक चित्र असते. १ एप्रिल २०१६ पासून त्याने पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापली आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून त्या चित्राबरोबर १८००-११-२३५६ हा क्रमांकही छापला जातो. या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो, आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याशी बोलावयास पलीकडे शिकलेला समुपदेशक असतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती-रोग संस्थेत २०१६ साली ही सेवा सुरू झाली. नंतर बंगळूरची निमहान्स, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि गुवाहाटीचे बरुआ कर्करोग रुग्णालय येथेही तिची केंद्रे झाली. परंतु पाकीट तर दुकानदाराच्या फळीवर राहते! एक सिगारेट घेणाऱ्याच्या बोटांत येते ती कोरी पांढरी नळी. चित्रही नाही आणि क्रमांकही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ ६२ टक्क्यांनी पाकिटावरील इशाऱ्यामुळे ती सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले होते. विचार जागा करणारी ही वस्तू ज्याच्या हाती पडतच नाही तो बहुधा वयाने लहान आणि खिशाने हलका असतो, म्हणजे ज्याला तिची सर्वांत अधिक गरज तोच. त्याच्या डोळ्यांसमोर हमखास येणारी अशी वस्तू आता एकच उरली आहे. ती त्याच्या दुसऱ्या हातात आहे.

याच पाहणीतील आणखी काही आकडे सीमाभागातील वाचकांनी विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. देशातील १५ वर्षांवरील माणसांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे २६ कोटी ६८ लाख लोक, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के आढळले. पण त्यांत धूम्रपान करणारे किती? अवघे ३.८ टक्के. बाकीचे खाणारे, मळणारे, लावणारे. त्यांचे प्रमाण २४.४ टक्के. कर्नाटकात धूम्रपान ८.८ टक्के व धूरविरहित तंबाखू १६.३ टक्के होती. हुमनाबाद या दोन चालींच्या सीमेवर उभे आहे. अशा ठिकाणी परदेशी चित्रांवरून उतरविलेली, जळती सिगारेट आणि काळी पडलेली फुफ्फुसे दाखविणारी चित्रफीत पाठविली, तर दाढेखाली पुडी धरून बसलेला मुलगा ती शांतपणे पाहतो आणि मनाशी म्हणतो, हे आपल्यासाठी नव्हे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तेव्हापासून सुपारीची आणि तंबाखूची वेगवेगळी पुडी घेऊन तळहातावर त्यांचे लग्न लावण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली आहे. त्या तळहाताचे चित्र मोहिमांतून क्वचितच दिसते.

वयाचाही विचार करावा लागेल. २०१९ च्या शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी देशभरात ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करताना आढळली. कर्नाटकात हे प्रमाण १.२ टक्के, म्हणजे देशात जवळजवळ सर्वांत कमी होते. ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु शाळेतील पाहणी शाळेत असलेल्यांचीच होते. आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजमध्ये, खानावळीत अगर मालमोटारीवर क्लीनर म्हणून लागलेला मुलगा तिच्यात मोजला जात नाही. प्रौढांच्या पाहणीप्रमाणे तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे येते. म्हणजे खरा धोक्याचा काळ शाळेच्या फाटकाबाहेर सुरू होतो. तेथे गुरुजी नाहीत, प्रार्थनेची रांग नाही, भिंतीवरचा सुविचार नाही. मोबाईल आहे. आंतरजालावरील मोहिमेचे महत्त्व मान्य करावयाचे तर ते या एका कारणासाठी तरी करावेच लागते.

आता मोहिमा कशा असतात आणि त्यांतील कोणत्या साधतात, याकडे वळावयास हरकत नाही.

सर्वांत प्रचलित मार्ग भीतीचा. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल या दोन संशोधकांनी धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. डॉल यांनी पुढे पन्नास वर्षे ब्रिटिश डॉक्टरांच्या आयुष्यांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये असे दाखविले की, जन्मभर धूम्रपान करणाऱ्याचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते, आणि तिसाव्या वर्षी जो सोडतो त्याची ही हानी जवळजवळ सगळी टळते. तरुणांसाठी याहून मोलाची माहिती नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला ‘तू साठाव्या वर्षी मरशील’ असे सांगणे म्हणजे पुढच्या शतकातले पंचांग दाखविण्यासारखे आहे. साठ हे वय त्याच्या लेखी असेही म्हातारपणाचेच असते. भीतीच्या मोहिमेचे काय होते याचे एक दुःखद उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊन चोविसाव्या वर्षी, २००९ साली मृत्यू पावलेल्या एका तरुणाचे स्वतःचे शब्द असलेली चित्रफीत देशभरातील चित्रपटगृहांत कित्येक वर्षे दाखविली गेली. ती पाहून अनेकांच्या अंगावर काटा आला, कित्येकांनी पुडी फेकलीही असेल. पण तिचे पहिले वाक्य पुढे तरुणांच्या थट्टेचा विषय झाले. समाजमाध्यमांवर त्या वाक्याच्या नकला फिरू लागल्या. यात मुलांची निर्दयता मानण्याचे कारण नाही. एकच भीती शंभर वेळा दाखविली की मन हसून तिच्यातून सुटका करून घेते.

अमेरिकेत दुसरी वाट धरली गेली. १९९८ साली फ्लोरिडा राज्यात व २००० पासून देशभर ‘ट्रुथ’, म्हणजे सत्य, या नावाची मोहीम चालली. तिने मुलांना ‘ओढू नका’ असे सांगितलेच नाही. सिगारेट कंपन्या तरुणांना गिऱ्हाईक म्हणून कसे हेरतात, त्यांच्या अंतर्गत कागदपत्रांतून काय बाहेर आले, एवढेच दाखविले आणि बंडखोरीच्या वयातील मुलांचे बंड कंपन्यांच्या दिशेने वळविले. १९९९ ते २००२ या काळात अमेरिकी विद्यार्थ्यांतील धूम्रपान २५.३ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. या घसरणीचा सुमारे पाचवा हिस्सा या मोहिमेचा होता असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. २०१४ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने दुसरी मोहीम हाती घेतली. ती दूरचित्रवाणीवर होती तशी आंतरजालावरही होती. ‘खरी किंमत’ अशा अर्थाचे तिचे नाव. कर्करोगापेक्षा दात पिवळे पडणे, चेहऱ्याची कातडी सुकणे, दर तासाला कोणीतरी हुकूम सोडल्यासारखे बाहेर जावे लागणे, असली नजीकची किंमत तीत दाखविली होती. पहिल्या पावणेतीन वर्षांत सुमारे ५ लाख ८७ हजार मुलांना तिने धूम्रपानाच्या आरंभापासून परावृत्त केले, असा त्या प्रशासनाचा अंदाज आहे.

तिसरे उदाहरण थायलंडचे. तेथील आरोग्यसंवर्धन प्रतिष्ठानाने २०१२ मध्ये एक छोटी चित्रफीत आंतरजालावर टाकली. रस्त्यात सिगारेट ओढीत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांपाशी दोन लहान मुले जातात, हातातील सिगारेट पुढे करून ‘जरा पेटवून द्या’ म्हणतात. मोठी माणसे एकजात त्यांना दटावतात. कर्करोग होईल, रूप जाईल, असे समजावूनही सांगतात. मग मुले त्यांच्या हाती एक चिठ्ठी देतात. तीत लिहिलेले असते की, माझी एवढी काळजी वाटते, मग स्वतःची का वाटत नाही? चिठ्ठीच्या मागे सोडण्यास मदत करणाऱ्या सेवेचा क्रमांक असतो. चित्रफीत जगभर पाहिली गेली, त्या क्रमांकावरील फोनही वाढले. तिच्यात उपदेश आहे, पण तो ओढणाऱ्याच्याच तोंडून वदविला आहे. या युक्तीचे महाराष्ट्राला नवल वाटू नये. गाडगेमहाराज कीर्तनात उभे राहिले की श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांच्याच मुखातून काढून घेत. दारू पिणारा माणूस हजारांच्या गर्दीत स्वतःच ‘चूक’ म्हणून मोकळा होई. आंतरजालावरील पुष्कळशा मोहिमांत हा प्रश्नोत्तराचा धागाच नाही. वरून सोडलेले व्याख्यान, खाली आवडल्याच्या अंगठ्यांची मोजदाद.

या अंगठ्यांविषयी एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. एखाद्या चित्रफितीस इतके हजार अंगठे मिळाले, इतक्या हजारांनी प्रतिज्ञा घेतली व आपल्या नावाचे प्रमाणपत्र उतरवून घेतले, अशा वार्ता मोहीम संपल्यावर येतात. प्रमाणपत्र घेणाऱ्यांत तंबाखू खाणारे किती होते, हे मात्र त्या वार्तेत नसते. ज्याला सोडावयाचे नसते कारण त्याने धरलेच नव्हते, असा सज्जन मुलगा प्रतिज्ञा सर्वांत आधी घेतो. आणि पुडीवाला मित्र त्याचे प्रमाणपत्र पाहून त्यालाही अंगठा दाखवितो.

मग मोबाईलने खरोखर सुटलेल्यांचे आकडे कोठे मिळतात? इंग्लंडमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना सोडण्याच्या काळात फोनवर नियमाने धीराचे संदेश येत. उरलेल्यांना त्या विषयाशी संबंध नसलेले साधे संदेश येत. सहा महिन्यांनी लाळ तपासून पाहिली तेव्हा पहिल्या गटातील १०.७ टक्के आणि दुसऱ्यातील ४.९ टक्के लोक सुटलेले आढळले. म्हणजे दुपटीहून अधिक. भारतातही जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने मोबाईलवरील संदेशांची योजना चालली. मोकळा फोन करून कोणीही नाव नोंदवावे अशी तिची रीत होती. वीस लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले व सहा महिन्यांनंतर सुटलेल्यांचे प्रमाण सुमारे सात टक्के असल्याचे आढळले. सात हा आकडा पाहून कोणी नाक मुरडील. पण संदेशाचा खर्च काही पैसे आहे, आणि वीस लाखांचे सात टक्के म्हणजे एक लाख चाळीस हजार माणसे होतात. एका मध्यम शहराची वस्ती.

त्या इंग्रजी चाचणीतील एक तपशील मात्र मोहिमा आखणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. ज्याला तलफ येई त्याने ‘तलफ’ अशा अर्थाचा एकच शब्द पाठवावयाचा. तत्क्षणी उलट संदेश येई. त्यात मन दुसरीकडे वळविण्याची एखादी लहानशी युक्ती असे, किंवा ही घटका टळेल असा दिलासा असे. चुकून ओढलीच तर त्यासाठीही वेगळा शब्द होता आणि त्याचेही उत्तर येत असे, रागावल्याशिवाय.

तलफ म्हणजे काय हे ज्याने अनुभविले नाही त्यास ही योजना पोरकट वाटेल. निकोटिन धुराबरोबर फुफ्फुसांत गेले की दहा-वीस सेकंदांत मेंदूशी पोहोचते, आणि सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. मग शरीर पुन्हा मागू लागते. ही मागणी लाटेसारखी असते. तिचा जोर बहुधा पाच-सात मिनिटांत ओसरतो. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. विडी सौम्य असते ही समजूतही खोटी आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली ती लवकर विझते, म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते; निकोटिन व डांबर या बाबतींत ती सिगारेटीस हार जात नाही. सारांश, प्रश्न जन्माच्या निश्चयाचा कमी आणि पाच-सात मिनिटांचा अधिक आहे. ही मिनिटे जेवणानंतर येतात, परीक्षेच्या आदल्या रात्री येतात, मालमोटार थांबल्यावर येतात. त्या वेळी मोठ्या शहरातले रुग्णालय दूर असते, वडिलांना विचारता येत नाही, आणि शेजारी उभा मित्र स्वतःच पुडी पुढे करीत असतो. फोनवर बोलणाऱ्या समुपदेशकासही वेळेची मर्यादा असते. यंत्राने पाठविलेला संदेश तेवढा कोणत्याही प्रहरी येऊ शकतो.

तो कोणत्या भाषेत येईल? हुमनाबादेत हा प्रश्न मामुली नाही. घरी मराठी बोलणारा मुलगा तेथे शाळेत कानडी लिहितो, बाजारात दखनी बोलतो आणि मोबाईलवर मराठी वाक्य रोमन अक्षरांत टंकतो. त्याला राजधानीहून आलेला, भाषांतरकाराने घडविलेला ‘तंबाखूजन्य पदार्थांच्या सेवनापासून परावृत्त व्हा’ असा संदेश गेला तर तो कोणत्याही भाषेत गेला नाही असेच समजावे. ‘तलफ’ हा शब्द मात्र मराठी, दखनी आणि हिंदी बोलणाऱ्या तिघांनाही कळतो. संदेश लिहिणाऱ्यांनी असे शब्द शोधावेत. माणिकनगरच्या माणिकप्रभूंचा संप्रदाय सकलमत म्हणून ओळखला जातो, दत्तजयंतीला तेथे निरनिराळ्या भाषांचे व पंथांचे लोक येतात, आणि कोणालाही भाषांतर करून द्यावे लागत नाही. ज्या गावाशेजारी हे घडते त्या गावाला एक संदेश तीन बोलींत लिहिता येऊ नये, हे पटत नाही. लिहिणारा त्याच गावचा, त्याच वयाचा आणि शक्य तर स्वतः सुटलेला असावा एवढीच अट आहे.

आणखी एक नाजूक बाब आहे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. निपाणीचा बाजार तंबाखूवर उभा राहिला. सीमाभागातील कित्येक मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे विडीच्या मजुरीतून आले आहेत. ‘विडी म्हणजे विष’ अशा चित्राखाली त्या मुलाला स्वतःची आई दिसते. तो ते चित्र पुढे पाठवीत नाही, आणि त्यात त्याचे चुकते असे कोण म्हणेल? अमेरिकेच्या ‘सत्य’ मोहिमेचा धडा येथे थोडा बदलून घेता येईल. हजार विड्या वळणाऱ्या हाताला काय मिळते आणि त्या विकणाऱ्याच्या गल्ल्यात काय पडते, हा हिशेब मुलांसमोर मांडला तर आईची मान खाली जात नाही आणि राग योग्य ठिकाणी जातो. ओढणाऱ्याचा हिशेबही असाच सोपा आहे. दिवसाला पाच सिगारेटी आणि एकीचे दहा रुपये धरले तर वर्षाचे १८,२५० रुपये होतात. क्लीनरच्या पगारात हे किती महिन्यांचे वेतन, हे त्याचे त्यालाच मोजू द्यावे.

विजेवर चालणाऱ्या सिगारेटीचा मोह शहरांतून या भागाकडे सरकत आहे. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, विक्री व जाहिरात देशभर बंद केली. मात्र जी वस्तू दुकानात मिळत नाही ती मोबाईलवरून मागविता येते काय, हे शोधण्यात तरुण मंडळी वडीलधाऱ्यांहून नेहमीच दोन पावले पुढे असतात. तेथे कायद्यालाच मोबाईलमध्ये शिरावे लागेल. हे काम मोहिमेचे नव्हे.

मोहिमेचे काम त्याहून लहान आहे, आणि म्हणून ते गावातल्या गावात करता येते. महाविद्यालयाच्या, क्रिकेटच्या संघाच्या, गॅरेजच्या, गणेशमंडळाच्या व्हॉट्सॲप गटांत १८००-११-२३५६ हा क्रमांक एकदा नव्हे, दर पंधरवड्याने जावा. त्याच्यासोबत कर्करोगाचे चित्र नसले तरी चालेल. त्याऐवजी ज्या मित्राने गेल्या वर्षी सोडली त्याच्या स्वतःच्या आवाजातील मिनिटभराचे बोलणे असावे: पहिल्या तीन दिवसांत चिडचिड किती झाली, जेवणानंतर हात खिशाकडे कसा जाई, बडीशेप किती संपली, दुसऱ्या आठवड्यात एकदा घसरलो ते कोणाच्या लग्नात. गटात उघडपणे ‘मलाही सोडायची आहे’ असे लिहिण्याचे धैर्य फार थोड्यांना होईल. वडिलांचे थोरले बंधू त्याच गटात असतात. म्हणून ज्याने आवाज दिला त्याला खासगी संदेश पाठविण्याची वाट मोकळी ठेवावी, आणि त्याने उत्तर द्यावयास उशीर करू नये. तलफ पाच-सात मिनिटांची असते. उद्या सकाळी आलेले उत्तर तिच्या उपयोगाचे नाही.

आणि हा क्रमांक मोबाईलमध्ये उतरवून घेताना मुलाने त्यास काय नाव द्यावे, एवढेही मोहीम चालविणाऱ्यांनी आधी सुचवून ठेवावे. ‘तंबाखू सोडा’ असे नाव आईच्या नजरेस पडले तर सोडण्याआधी धरल्याचा जाब द्यावा लागतो. ‘दिल्लीचे काका’ चालेल.